गावाचा भार

मंगळवार, पहाटे पाच चाळीस. इलाइतिया तुरागा शेडमध्ये गुडघे टेकून बसला आहे आणि बॅटरीच्या टोकांना मीटर लावतो आहे. अकरा पूर्णांक सात. तो टोकं पुसतो, पुन्हा लावतो. पुन्हा अकरा पूर्णांक सात व्होल्ट, म्हणजे बॅटरी जवळपास रिकामी. फ्रीजरचं झाकण उघडून आतल्या मासळीत अंगठा दाबतो. अंगठा किंचित रुततो.

परवा गुरुवारी राजधानीची, सुवाची बोट येईल. गेल्या दोन खेपांना त्याची मासळी मऊ पोचली. सुवाचा व्यापारी फोनवर दोनच वाक्यं बोलला: “तिसऱ्यांदा मऊ आली तर दुसरीकडून घेईन. राग धरू नको.” आमच्या बेटावर एवढा माल घेणारा दुसरा कोणी नाही. हा गेला तर इलाइतियाला पुन्हा सुवाला, जहाजाच्या इंजिनखोलीत जावं लागेल. नऊ वर्षं तिथे काढून तो दोन वर्षांपूर्वी घरी आला. वय बावन्न.

हिशेब त्याने नीट केला होता. कागद भिंतीवर चिकटवलेला आहे. फ्रीजर दिवसाला ७००, दोन दिवे ८०, एकूण ७८० वॅट-तास. दीडशे वॅटची दोन पॅनलं, जुलैतलं चार तासांचं ऊन, चौथा हिस्सा वाया: मिळणार ९००. कागदावर शिल्लक उरते. प्रत्यक्षात पहाटे तीनच्या सुमारास बॅटरी इतकी उतरते की कंट्रोलर फ्रीजर बंद करून टाकतो.

आठवडाभर तो दोष शोधतो आहे. पॅनलांवरचा खार धुतला. तारा बदलल्या. नीरफणसाच्या झाडाची सावली कुठवर येते ते दर तासाला खडूने छपरावर आखलं. काल एकाच दिवसात तो पाच वेळा वर चढला.

सातला इनोके आला. इलाइतियाच्या मामाचा मुलगा. आमच्याकडे आतेमामे भाऊ एकमेकांना ‘तवाले’ म्हणतात आणि टर उडवायची संधी सोडत नाहीत.

“काय तवाले, बॅटरीची नाडी सापडली का?”

“बाजूला हो. उजेड अडवतोस.”

“तुझी बायको सांगत होती, रात्रभर कूस बदलतोस. म्हणाली, जहाजावर होता तेच बरं, निदान मला झोप तरी लागायची.”

बोलता बोलता इनोकेने खिशातून आपला फोन काढला, सासूचा विजेरी-दिवा काढला आणि फळीवरच्या प्लगांच्या पट्टीत दोन्ही खुपसले. पट्टीला आधीच तेरा फोन लटकलेले होते. खाली प्रार्थनामंदिराचा स्पीकर. जूनमध्ये दुकानाचा जनरेटर बंद पडला, तेव्हापासून चार्जिंगला गाव इथे येतं. कोणी मागितलं की द्यायचं, आणि दिलेलं मोजायचं नाही. मोजणारा माणूस आमच्यात कंजूष ठरतो.

इलाइतिया पट्टीकडे बघत राहिला. मग त्याने कागद भिंतीवरून काढला.

“हा फोन कोणाचा?”

“तुझ्या आत्याचा. का?”

तो लिहू लागला. इनोके वाकून बघत होता.

“नावं लिहितोस?”

“वॅट लिहितोय.”

“आत्याचं नाव दिसतंय मला. तिला कळलं तर ती फोन आणायची नाही. आणि तुझ्या दारावरून जाताना मान वळवून जाईल. मरेपर्यंत.”

इलाइतियाचे कान तापले. त्याने नावं इतकी खोडली की कागद फाटला. नवा घेतला. फोन, दिवे, स्पीकर मिळून २८०. ड्रिलसाठी आणलेला इन्व्हर्टर आता या पट्टीसाठी दिवसरात्र चालू, तो नुसता असून खातो २४०. सगळं एका ओळीत: गाव, ५२०.

येतात ९००, जातात १३००. भरलेली बॅटरी तीन दिवसांत तळाला.

“म्हणजे आम्हीच खातोय तुझी मासळी,” इनोके म्हणाला. या वेळी तो हसला नाही. “मग बंद कर. सांग सगळ्यांना.”

“तू सांगशील?”

“मी कशाला सांगू? शेड तुझी.”

लिंबाच्या पानांचा चहा गार झाला. इलाइतिया उठला, दारापर्यंत गेला, परत आला. गावात आल्यापासून त्याने कोणाकडे काही मागितलं नव्हतं. शहरात राहिलेल्यांना ते जड जातं.

“तुझ्या छपरावरचं पॅनल मला पाहिजे.”

“मागतोयस?”

“मागतोय.”

इनोकेने मान खाली घातली. त्या पॅनलवर त्याचा टीव्ही चालतो. “शनिवारी सामना आहे, तवाले.”

“माहितीये.”

“मग टीव्ही इथे येईल. आणि मी एकटा येणार नाही.”

“चटया घरून आणा.”

इलाइतियाने कागदावर लिहिलं: शनिवार, टीव्ही, १२०. तिसरं पॅनल ४५० देणार होतं. कंट्रोलरला ते झेपणारं होतं. इन्व्हर्टर दिवसाचे पाचच तास चालवला तर गाव ३३०वर येत होतं. सामन्याच्या दिवशीही शंभरावर उरत होते.

दहाला पॅनल छपरावर चढलं. इनोकेने शिडी धरली आणि बोल्ट घट्ट होईपर्यंत शिव्या दिल्या. दोनला इलाइतियाने इन्व्हर्टर बंद केला. संध्याकाळी सहाला फ्रीजरचा काटा उणे तेरावर होता. सकाळी उणे तीनवर होता. इलाइतियाने दर दहा मिनिटांनी झाकण उघडायला सुरुवात केल्यावर इनोके झाकणावरच जाऊन बसला.

उद्या बुधवार. फोन आता नऊ ते दोन याच वेळेत चार्जिंगला लागतील. आत्याला तसं सांगायला इलाइतिया आठ वाजता स्वतः तिच्या घरी जाणार आहे.