बोरिवलीची हाडं गोठवणारी थंडी

आता माझी फजिती सांगतो, पण चहा जरा जपून प्या. ठसका लागला तर मी जबाबदार नाही.

आमच्या लेकीनं, प्राचीनं, महाबळेश्वरचा मुलगा पसंत केला. होणाऱ्या व्याह्यांचा फोन आला. त्यांच्या घरात शेवटचा शब्द मुलाच्या आजोबांचा, आणि आजोबांना उकाडा अजिबात सोसत नाही. तर मुंबईला कधी यावं?

मी म्हटलं, बिनधास्त जानेवारीत या. आमची बोरिवली नॅशनल पार्कला खेटून. हाडं गोठतात. सोसायटीचा वॉचमन शेकोटी पेटवतो. आता शेकोटी पेटते हे खरं, आईशप्पथ! बाकी थोडं तिखटमीठ.

आली मंडळी. भर दुपारी. आजोबांच्या अंगात लोकरी कोट, गळ्यात मफलर आणि कपाळावरून घामाच्या धारा. दार मी उघडलं. अंगात स्वेटर, डोक्याला माकडटोपी. नाटक नव्हतं हो! सकाळपासून मला खरंच हुडहुडी भरली होती.

आजोबांनी कोट काढला, स्वेटर काढला, सदरासुद्धा काढला. बनियनवर पंख्याखाली बसले नि म्हणाले, "पाचावर करा."

पाचावर? जानेवारीत? माझे दात वाजायला लागले. आजोबांनी मला रोखून पाहिलं आणि व्याह्यांच्या कानाशी लागले. पण कमी ऐकू येणाऱ्या माणसाची कुजबुज ती, थेट किचनपर्यंत गेली.

"मुलीच्या बापाला हिवताप आहे. जुनाट दिसतोय. घराण्यातच असणार."

बायकोच्या हातातला पोह्यांचा झारा पडला. प्राचीचे डोळे भरले. अहो, ही आमची थंडी आहे, असं मी परोपरीनं सांगितलं. आजोबा म्हणाले, तापात माणूस बडबडतो. शेवटी मीच म्हटलं, खालच्या मजल्यावर डॉक्टर राहतात, त्यांनाच विचारा ना.

डॉक्टर आले. कानटोपी, स्वेटर, वरून शाल. दारातूनच ओरडले, "आधी तो पंखा बंद करा, माणूस मारताय का?"

आजोबांनी आधी डॉक्टरांची कानटोपी पाहिली, मग माझी माकडटोपी.

"म्हणजे रोग घराण्याचा नाही, गावाचा आहे," ते म्हणाले. "पोरगी वेळेत बाहेर काढलेली बरी."

झालं, जमलं लग्न. कुठे? महाबळेश्वरला. ऐन डिसेंबरात, सकाळच्या पहिल्या मुहूर्तावर!

हा बघा फोटो. पातळ सदऱ्यात आईस्क्रीम खातायत ते आजोबा. आणि मुलीचा बाप कुठाय, असं सगळेच विचारतात. प्राचीच्या मागे ती रजईची वळकटी उभी आहे ना? तिला नीट बघा. वरच्या टोकाला नाक आहे.