आमच्या घरातलं ‘सेटल’

नागपूरच्या इतवारी स्टेशनवर गाडी सुटायला आली तेव्हा मामा खिडकीशी वाकून म्हणाले, “आधी सेटल हो पोरी. बाकी सारं मंग.” मामा रेल्वेत कारकून, त्यामुळे आमच्या घरात इंग्रजी शब्द तेच आणायचे. बाबांनी तो शब्द तिथल्या तिथे उचलला आणि गाडी हलेपर्यंत मला सेटल हो, सेटल हो म्हणत राहिले. आईने भाकरीचं फडकं तेवढं खिडकीतून आत सरकवलं. सहासष्ट साल होतं. नर्सिंगचा कोर्स संपवून मी भिलाईला हॉस्पिटलात नोकरीला निघाले होते. आमच्या विणकरांच्या गल्लीतून नोकरीसाठी एकटी बाहेर पडणारी मी पहिलीच. गल्लीतल्या मैत्रिणींनो, तुम्ही साऱ्याजणी पोचवायला आल्या होतात, आठवत असेल. त्यातल्या किती जणींना माझा हेवा वाटला होता, तेही मला माहीत आहे.

भिलाईत दोघींत मिळून एक क्वार्टर, एक स्टोव्ह आणि चोवीस तास हिंदी. सुरुवातीला कारखान्याचा भोंगा वाजला की दचकून उठायची, मग हळूहळू त्या भोंग्यातही झोप लागू लागली. पहिल्या सुट्टीत घरी येऊन मोठ्या तोऱ्यात सांगितलं, मी सेटल झाले. बाबा हसले. म्हणाले, “लगीन झालं नाही, तं सेटल कायची?” सगळे हसले, मीही हसले. तेव्हा हसू यायचं.

वॉर्डात मात्र त्या शब्दाची वेगळीच ओळख झाली. राउंडला आलेले डॉक्टर विचारायचे, पेशंट सेटल आहे ना सिस्टर? म्हणजे कळ थांबली, श्वास शांत झाला, डोळा लागला. हा अर्थ मला फार आवडायचा. माझ्या क्वार्टरमधल्या मल्याळी सिस्टरकडे जाडजूड डिक्शनरी होती. तीत एकदा सहज पाहिलं तर या एका शब्दाने अर्धा रकाना अडवला होता. राहायला जाणं, बूड टेकणं, भांडण मिटवणं, देणं चुकतं करणं, गाळ तळाशी बसणं, आणि शेवटी मनासारखं मिळालं नाही की मिळेल त्यात भागवणं. इतके अर्थ असलेला शब्द आपल्या माणसांच्या हाती देऊ नये. ज्याला जो सोयीचा, तो तोच काढतो.

आमच्या घराने काढला तो असा. माझ्यासाठी स्थळं येत होती. उमरेडचं एक तर अगदी चांगलं होतं. पण माझा भाऊ वसंता कॉलेजात होता, धाकटा मोहन शाळेत. बाबा म्हणायचे, वसंताले सेटल होऊ दे, मंग तुझं पाहू. वसंता सेटल झाला, मग मोहनची पाळी आली. मुलाचं सेटल म्हणजे नोकरी आणि मुलीचं म्हणजे नवरा, असा आमच्याकडे कायदा. माझा पगार दर महिन्याला घरी जात होता, तरी नात्यातल्या बाया माझ्याकडे बघून हळहळायच्या, बिचारी अजून सेटल नाही. मोहन नोकरीला लागला तोवर स्थळं यायची थांबली होती. हे कोणी ठरवून केलं नाही, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला समजावलं. आता समजावत नाही.

घरी माझं म्हणून एकच काम उरलं होतं. माग रिकामा ठेवायचा नाही, ही आमच्याकडची रीत. जुना ताणा, म्हणजे उभे दोरे, संपत आला की त्याची शेवटची टोकं मागातच राहू द्यायची आणि नव्या ताण्याचा एकेक दोरा त्यांना सांधायचा, बोटाला राख लावून पीळ देत. लहानपणापासून हे काम माझ्याकडे. मी भिलाईला गेल्यावर बाबा माझ्या सुट्टीपर्यंत माग थांबवून ठेवायचे. शेजारीपाजारी हसायचे, धंदा बुडवता काय म्हणायचे. मी सांधत बसायची आणि बाबा समोर बसून बिडी ओढत बघायचे. असंच एकदा त्यांनी दोन्ही भावांना बोलावलं आणि त्यांच्यादेखत सांगितलं, “ही मागाची खोली तुही. रिटायर झाली का इथंच ये. दुसरीकडं कुठं जाशील?” त्या एका वाक्यावर मी पुढची सगळी वर्षं काढली. भिलाईत पडदे घेतले ते त्या खोलीच्या खिडकीच्या मापाचे.

बाबा गेले त्या वर्षी दिवाळीला मी घरी आले, तर खोलीत माग नव्हता. टोकं कापून, लाकूड विकून वसंता मोकळा झाला होता. मागावर बसून पाय सोडायचा जमिनीतला पायखड्डा बुजवून वर नवी फरशी. घराचं मॅटर सेटल केलं, असं त्याने जेवताना सांगितलं. मागची बाजू मोहनची, पुढची त्याची, मागाची खोली त्याच्या पोरांना अभ्यासाला. आई सहा महिने इकडे, सहा महिने तिकडे. मी विचारलं, आणि माझं?

वसंता खरंच चकित झाला. “तू तं सेटल आहे ताई,” तो म्हणाला. “तुले काहून पाहिजे खोली?”

इतक्या वर्षांत घरातल्या कोणी मला सेटल म्हटलं ते हे पहिल्यांदा. मी बाबांचं बोलणं काढलं. मोहनने मान खाली घातली आणि भात कालवत राहिला. आईने वसंताला आणखी भाजी वाढली. तिचा मला सगळ्यात जास्त राग आला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी निघाले, आणि या वेळी पोचवायला कोणी आलं नाही.

पुढच्या वर्षी मैत्रिणीच्या मुलीच्या लग्नाला नागपूरला आले ती सदरमधल्या एका लॉजवर उतरले. कोणाला कळवलं नव्हतं, पण आपल्या गावात असं काही लपत नाही. दुपारी दारावर थाप पडली. आई होती. रिक्षाने एकटी आली होती, हातात डबा. खाटेच्या कडेवर बसून तिने सगळी खोली पाहिली. मग दाराकडे बघून विचारलं, “आतून कडी लागते का वं इले?” लागते म्हटलं. तिने उठून स्वतः कडी लावून पाहिली. आम्ही डबा उघडला, जेवलो. जेवण झाल्यावर ती म्हणाली, “आज इथंच राहू का वं? तिकडं कोणी वाट पाहून नाही राहिलं.”

आईने माझ्याकडे राहण्याची परवानगी मागावी, तीही लॉजच्या खोलीत. वर्षभर धरलेला राग कुठे ठेवावा ते मला कळेना. मी खाली जाऊन आणखी एक उशी मागवली. वर आले तर ती भिंतीकडे तोंड करून झोपली होती, श्वास एकसारखा.

आता वर्षातून दोनदा मी नागपूरला येते. गल्लीत जात नाही. त्याच लॉजवर उतरते, निरोप धाडते, आई डबा घेऊन येते. तेवढे दिवस आम्ही दोघी घरी असतो.