धुऱ्यावरचं शून्य

ताटावर पळी आपटून मी घरात शाळेची घंटा वाजवायची, हे आज सांगताना माझं मलाच हसू येतं. तेव्हा मात्र मी फार गंभीर होते. सकाळी नऊला पहिली घंटा, मग प्रार्थना, मग गणित, विज्ञान, मराठी, मधली सुट्टी. शाळेत विद्यार्थिनी एक, माझी पंधरा वर्षांची लेक. शिक्षक मी, हेडमास्तर मी आणि घंटा वाजवणारा शिपाईही मीच. वेळापत्रक लाल शाईनं लिहून देव्हाऱ्याशेजारी चिकटवलं होतं. शाळेला जमलं नाही ते मी करून दाखवते, अशी माझी ऐट.

शाळा सुटली कशी, ते आधी सांगते. आमचं गाव पैनगंगेच्या अलीकडं, आदिलाबाद जिल्ह्यात, पण घरात बोलणं सगळं मराठी. कापूस आणि ज्वारी, एवढीच आमची शेती. सातवीपर्यंत लेक गावातल्या मराठी शाळेत होती. तिथं सगळा वर्ग मोठ्यानं धडे म्हणायचा. एकदा ऐकलं की हिच्या कानात बसायचं, आणि ही सगळ्यांबरोबर घडाघडा म्हणून दाखवायची. पोरगी हुशार म्हणून आम्ही फुगलो. मग इंग्रजीची हौस आली आणि तिला आदिलाबादच्या एका इंग्रजी शाळेत घातलं. दारात व्हॅन यायची, गळ्यात टाय आला. दोन वर्षांत पोरीचं तोंड बंद झालं. वर्गात उभं करून वाचायला लावत, हिला दोन ओळी निघत नसत, पोरं फिदीफिदी हसत. घरी येऊन ती काही सांगत नसे, दप्तर फेकून सरळ वावराकडं निघून जायची.

नववी संपता संपता हेडमास्तरांनी बोलावलं. गोड हिंदीत म्हणाले की शाळेचा दहावीचा निकाल शंभर टक्के लागतो, तुमची मुलगी तो खाली आणेल. परत नववीत बसवा, नाहीतर टीसी घेऊन जा. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी तिथल्या तिथं दस्तखत केली, टीसी घेतली आणि व्हॅनची वाट न बघता ऑटो करून घरी आले. ओपन स्कूलची दहावी घरी बसून देता येते, मराठीतही देता येते, एवढं मला ठाऊक होतं. बाकीचं काहीच ठाऊक नव्हतं.

आमचे हे ओरडणारे नाहीत. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच अट घातली. पुढच्या वर्षीच्या पेरणीपर्यंत पोरगी दहावी पास झाली तर ठीक, नाहीतर तिनं त्याच शाळेत परत नववीत जाऊन बसायचं, दोन वर्षांनी लहान पोरांत. कोपऱ्यात भिंतीला टेकून बसलेल्या लेकीचा चेहरा हे ऐकून उतरला. तिला पुढं काय करायचं ते मात्र पक्कं माहीत होतं. आमच्या वावरात एकदा शेतकी खात्याच्या बाई माती घ्यायला आल्या होत्या. त्यांनी मूठभर माती पिशवीत भरली आणि तिच्यात काय कमी असू शकतं ते हिला समजावून सांगितलं. तेव्हापासून हिला शेतकी पॉलिटेक्निकला जायचं होतं. त्याला दहावी पाहिजे. म्हणजे सगळं येऊन अडलं त्या एका दहावीवर.

मी बारावी शिकलेली, अक्षर माझं मोत्यासारखं. आमच्या वेळी मास्तर एक उत्तर दहा दहा वेळा लिहायला लावायचे, आणि ते लक्षात राहायचं. तेच मी हिच्यावर चालवलं. उन्हाळाभर लेकीनं वह्याच्या वह्या भरल्या. अक्षर इतकं सुंदर की येणाऱ्याजाणाऱ्याला मी वही दाखवायची. वाचताना अडली की तो शब्द मीच पुरा करायची, पुढं ढकलायची. धीर कुणाला होता? बोलण्यात नाही, चालण्यात नाही, धीर हा माझ्या अंगात कधीच नव्हता.

एका दुपारी मी विज्ञानाची वही सहज चाळली. झाडं अन्न कसं तयार करतात, त्याचं उत्तर. सूर्यप्रकाश, हरितद्रव्य, सगळं ठीक, आणि मधेच त्याच वळणदार अक्षरात ‘पुढील पानावर पाहा’, त्याच्यापुढं पुस्तकाच्या पानाचा नंबर. मग परत झाडांचं अन्न. दहाही वेळा तसंच. पुस्तकात जे जे छापलं होतं, ते हिनं वर खाली न बघता उतरवून काढलं होतं. मी वही भिरकावली. महिनाभर काय गोट्या खेळून राह्यली का, काऊन अशी करते, असं बरंच काही बोलले. ती उठली, अंगणातून वही उचलून आणली, झटकली आणि माझ्यापुढं ठेवली.

“आई, मले लिवता येते,” ती म्हणाली. “वाचता नाई येत. अक्षरं मी काढते, जशी रांगोळी काढतो तशी.”

मला खूप लाज वाटली. नऊ वर्षं शाळा आणि वर माझी घंटा, यात हे कुणाच्याच ध्यानात आलं नव्हतं. तिला ते कायमच ठाऊक होतं, आणि आपण ढ आहोत असं धरून ती गप्प बसली होती. दुसऱ्या दिवशी सरकारी दवाखान्यात गेलो. दोनतीन खेटे झाले, मग तिथल्या डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितलं की डोकं चांगलं आहे, वाचण्याची अडचण आहे, असं पुष्कळ मुलांना असतं. तसा कागद लिहून दिला. त्या कागदावर परीक्षेत एक तास जास्त मिळणार होता. घरी येऊन मी लाल शाईचं वेळापत्रक फाडलं. ताट आणि पळी स्वयंपाकघरात गेली.

त्यानंतर पुस्तकाचं आम्ही जे केलं ते बघून कुणी मास्तर चिडला असता. मी धडा मोठ्यानं वाचायची, ती ऐकायची, हातात काहीतरी काम असायचं. तूर निवडता निवडता इतिहास झाला, भाकरी थापता थापता रक्ताभिसरण. मग मी म्हणायची, सांग आता. ती आपल्या बोलीत सांगायची, त्याचं चित्र काढायची आणि चित्राखाली एक वाक्य लिहायची, पण ते तिचं स्वतःचं. सहा पानांचा धडा एका पानावर यायचा. वाचन रोज दहाच मिनिटं. त्यासाठी बियाण्याच्या खोक्याचा पुठ्ठा घेऊन तिनं त्यात एका ओळीएवढी खिडकी कापली. खिडकी पानावर ठेवली की एकच ओळ दिसायची, बाकीच्या ओळी गर्दी करायच्या नाहीत. आणि तिनं मला एक अट घातली: ती वाचत असताना मी मधात बोलायचं नाही. शब्द कितीही अडला तरी नाही. ही अट मला कोणत्याही विषयापेक्षा जड गेली. कितीदा तरी मी पदराचा बोळा तोंडात धरून बसले आहे.

मराठी, हिंदी, विज्ञान, समाज, सगळं हळूहळू मार्गी लागलं. गणित राहिलं. त्यातही आलेख म्हटलं की ती पुस्तकच मिटायची. आडवा अक्ष, उभा अक्ष, बिंदूचे निर्देशक, हे शब्द ऐकूनच तिचा श्वास अडकायचा.

पेरणी आली तेव्हा मला सुचलं. आमच्याकडे कपाशी फुलीवर लावतात. बैलांचं औत आधी वावरात उभं फिरवायचं, मग आडवं. औतानं पडलेली उभी काकरी, म्हणजे रेघ, आणि आडवी काकरी जिथं कापतात ती फुली, आणि प्रत्येक फुलीवर दोन सरक्या मातीत टोबायच्या. लेक लहानपणापासून हे करत आली होती. मी तिला धुऱ्याच्या, म्हणजे शेताच्या बांधाच्या, कोपऱ्यावर उभं केलं आणि म्हटलं, तिसरी उभी काकरी, दुसरी आडवी, जाऊन उभी राहा. ती पळत गेली. मग पाच आणि चार. मग सात आणि एक. एकदाही चुकली नाही. औत धरलेले आमचे हे थांबून बघायला लागले. मी ओरडून सांगितलं की हाच हिच्या पुस्तकातला आलेख. घरी जाऊन तिनं आलेखाच्या कागदावर दहा बिंदू काढले, मी तपासले, दहाच्या दहा बरोबर. मी त्या वहीवर मोठ्ठी बरोबरची खूण केली आणि त्या दिवशी शिरा केला.

पुढं महिनाभर आम्ही तसेच आलेख काढत राहिलो. शेजारच्या गावात मराठी शाळेतून रिटायर झालेले एक गुरुजी राहतात. रविवारी मोपेडवरून आमच्याकडे ताक प्यायला येतात. त्यांच्यापुढं मी ऐटीत वही ठेवली. त्यांनी चष्मा लावला, एक पान बघितलं, दुसरं बघितलं. मग हळूच म्हणाले की यातला एकही बरोबर नाही.

लेकीनं वही ओढून घेतली आणि मिटली. वही मिटल्याच्या त्या आवाजानं मला नववीचं वर्ष आठवलं. मी गुरुजींशी भांडायला लागले, वावरात तर एकदाही चुकली नाही म्हणून. गुरुजी माझ्याकडं न बघता तिला म्हणाले, बाळ, तू मोजलं कसं तेवढं दाखव. मग तिनं वही उघडली, कागदावरच्या जाड काळ्या रेघेवर बोट ठेवलं आणि म्हणाली, ही पहिली काकरी. त्याच्या शेजारची दुसरी. त्याच्या शेजारची तिसरी.

मीही तसंच मोजत होते. वावरात उभा राहिलेला कुणीही तसंच मोजेल. म्हणून तर माझ्या तपासण्यात तिची चूक सापडली नाही, चूक आमची दोघींची एकच होती.

गुरुजींनी ताकाचा गिलास खाली ठेवला.

“धुऱ्यावर काय पेरता तुमी?” त्यांनी तिला विचारलं.

“काईच नाई.”

“मग ही जाड रेघ म्हणजे धुरा. इथं काही उगवत नाई. इथं शून्य. पहिली काकरी याच्या पुढं.”

ती कागदाकडं बघत बसली. मग पेन्सिल घेऊन एक बिंदू एक घर उजवीकडं, एक घर वर सरकवला. मग दुसरा. सगळे बिंदू तेवढेच चुकले होते, आणि एकाच सरकवण्यानं सगळे बरोबर आले. पान संपल्यावर तिनं मान वर केली.

“म्हणजे मी ढ नाई,” ती म्हणाली. विचारत नव्हती, सांगत होती.

गुरुजींनी नाकावरून चष्मा काढून पुसला आणि आणखी ताक मागितलं. मी आत जाऊन रडले, ताक आणायला उशीर झाला.

त्यानंतर सगळं सुरळीत झालं असं समजू नका. कापूस वेचणीच्या दिवसांत दोन आठवडे पुस्तकाला हात लागला नाही. बीजगणितावरून आमचं असं वाजलं की ती दिवसभर माझ्याशी बोलली नाही. पण एक फरक पडला होता. चुकलं की ती आता वही मिटत नव्हती. धुरा कुठं विसरला, असं स्वतःशी पुटपुटत ती मागं मागं जाऊन बघायची, आणि बहुतेक वेळा तिला सापडायचं.

गणिताच्या पेपराला मी आणि आमचे हे आदिलाबादला केंद्राबाहेर कडुनिंबाखाली बसलो होतो. सगळी पोरं निघून गेली, तिचा जास्तीचा तासही संपला, तेव्हा ती बाहेर आली. दोन प्रश्न सोडून दिले म्हणाली. आलेख आला होता. “पह्यले धुरा काढला,” एवढंच सांगून तिनं पाणी मागितलं. सोडलेले प्रश्न कोणते, हे माझ्या ओठांवर आलं होतं. मी बाटली पुढं केली.

निकाल लागला त्या दिवशी वावर तयार होतं, काकऱ्या पाडायच्या होत्या. हे बियाणं न्यायला घरी आले आणि निकालाचं कळताच चपला हातात घेऊन दारातच उभे राहिले. माझ्या फोनवर पान उघडलं. सगळं इंग्रजीत, बारीक अक्षर. लेकीनं फोन माझ्या हातातून घेतला, पुठ्ठ्याची खिडकी आणली आणि पडद्यावर ठेवली. मी तिच्या खांद्यावरून बघत होते. माझी नजर खिडकी ठेवायच्या आधीच पळत खाली गेली होती. गणित शेवटच्या ओळीत. अडतीस. पस्तिसाला पास.

तिनं नावापासून सुरुवात केली. नाव, बापाचं नाव, नंबर. मग मराठी. प्रत्येक शब्दावर बोट थांबायचं, ओठ हलायचे, शब्द निघायचा, खिडकी एक ओळ खाली सरकायची. यांना राहवेना. पास का, एवढंच सांग, असं ते दोनदा म्हणाले. ती मान वर न करता म्हणाली, “थांबा ना बाबा, वाचून राह्यली.” हिंदी झालं. विज्ञान झालं. समाज या विषयाच्या लांबलचक इंग्रजी नावावर ती अडली, मागं गेली, परत आली. माझ्या घशात तो शब्द होता, अडतीस होते, वर्षभराचं सगळं होतं. मी पदर तोंडात घट्ट धरला.

शेवटी खिडकी गणितावर आली. तिनं आकड्याखाली बोट ठेवलं, एकदा वाचलं, परत वाचलं.

“अडतीस,” ती म्हणाली. “पास आहो मी.”

यांनी चपला खाली ठेवल्या आणि उंबऱ्यावर बसून घेतलं. लेक माझ्याकडं वळली आणि माझ्या तोंडातला पदराचा बोळा बघून हसली.

“तुले आधीच दिसलं होतं ना?”

“दिसलं होतं.”

“मग बोलली काऊन नाई?”

“तू वाचून राह्यली होती ना,” मी म्हटलं.