गाठीतली लाली
युरिया मी टाकला आणि नोकरी माझ्या मित्राची गेली. भुईमुगाच्या ओल्या मुळांचा वास आला की अजून जीव थाऱ्यावर राहत नाही. एकोणीसशे पंचाहत्तरच्या सुमारास परतूरजवळच्या वावरात त्याने बियाण्याला जिवाणू चोळून भुईमूग पेरला होता. प्रयोग जमला तर तो शेती खात्याच्या नोकरीत कायम होणार होता. खात्याचे साहेब पाहणीला येतील तेव्हा पीक हिरवंगार दिसावं म्हणून मी त्याच्या नकळत युरिया टाकला. साहेबांनी मुळावरची गाठ नखाने फोडली. जिवाणू काम करत असले की गाठ आतून लाल असते; हिच्या आत लाली नव्हती. साहेब म्हणाले, "आयता नत्र मिळाल्यावर जिवाणू हवेतला नत्र धरायचं एन्झाइम कशाला बनवतील? खत कोणी टाकलं?" "म्या न्हाई, साहेब," मित्र म्हणाला. मी मागे सरकलो, आणि त्याची नोकरी गेली. परवा त्याच्या दारात गेलो. "इतकी वर्षं कुठं गेल्तास रे, हिरो?" तो हसला. मला बसवेना. उभ्यानेच म्हणालो, "तो युरिया म्या टाकल्ता. मला माफ कर."