गल्लीकडची भिंत

पाचोऱ्यापासून सायकलच्या टप्प्यात असलेल्या त्या गावात अभिमन आबांचं घर धाब्याचं होतं. जाड मातीच्या भिंती, वर मातीचंच सपाट छत, आणि चुलीच्या खोलीला नावालाही खिडकी नाही. धूर जायला छतात वीतभर भोक होतं, तेही पावसाळ्यात फुटक्या मडक्यानं झाकलेलं असे. थोरली सून मंजुळाबाई लग्न होऊन आली तेव्हापासून त्या खोलीत हातांनीच बघायला शिकली होती. मीठ कुठल्या मडक्यात, डाळ कुठल्या डब्यात, सगळं बोटांना पाठ. विजेचा गोळा लटकत होता, पण दिवसा तो कधी पेटेल याचा नेम नव्हता.

१९८७ च्या दिवाळीनंतरची गोष्ट. धाकटी जाऊ कुंदाबाई नुकतीच नांदायला आली होती. तिच्या बोटांना अजून काही पाठ नव्हतं. बाहेर लख्ख ऊन पडलेलं, माणसं कापूस वेचायला निघालेली, आणि आत कुंदानं गोवऱ्या काढायला कोपऱ्यात हात घातला तो किंचाळतच बाहेर आली. विंचू. बैलगाडीतून पाचोऱ्याला नेईपर्यंत तिचं अंग घामानं थबथबलं होतं आणि जीभ जड झाली होती. पोरगी वाचली. घरी आणल्यावर आबा म्हणाले, "देवनी राखं," आणि विषय संपला.

मंजुळाबाईच्या लेखी तो संपला नव्हता. सासऱ्याशी ती बोलायचीच क्वचित, बोलली तर दाराआडून. त्या दिवशी मात्र पदर सावरून समोर येऊन उभी राहिली.

"आबा, चूलनी खोलीले खिडकी पाडा. गल्लीकडनी भीतले."

"गल्लीकडे चुडामणना ओटा शे. त्यानी माणसं दिवसभर तठे बठतस. मन्ह्या सुना त्यासले दखाडू का?"

चुडामण म्हणजे आबांचा चुलतभाऊ. शेताच्या बांधावरून दोघांचं बोलणं बंद होऊन जमाना लोटला होता.

"त्यासले दखू द्या," मंजुळाबाई म्हणाली. "आमले आमना हात तरी दिसतीन."

"नही म्हंजे नही." आबांनी टोपी डोक्यावर ठेवली आणि शेताकडं निघून गेले.

तिनं नवऱ्याला सांगून पाहिलं. सुकदेव पाचोऱ्याच्या जिनिंगमध्ये हमाल होता. दिवसभर कापसाच्या गाठी उचलणारा हा माणूस बापापुढं मात्र मान उचलत नसे. तो म्हणाला, "थोडं थांब." किती थांबायचं, ते त्यालाही माहीत नव्हतं.

मग आबा बाजाराला गेले त्या दिवशी मंजुळाबाईनं पहार उचलली. माती इतकी जुनी की पहिल्या घावांना फक्त पोपडे उडाले. हाताला फोड आले, तिनं चिंधी गुंडाळली आणि पुन्हा घाव घातला. धूळ बघून गल्लीतल्या बाया जमल्या. कुणी म्हणालं, हिला वारं लागलं. ती थांबली नाही. भिंत आरपार गेली आणि उन्हाचा एक पट्टा सरळ चुलीवर येऊन पडला.

त्या उजेडात तिनं आपलं स्वयंपाकघर पहिल्यांदा नीट पाहिलं. कोपऱ्यात दोरीसारखी जाड जळमटं लोंबत होती. पिठाच्या डब्यात बारीक किडे वळवळत होते. रोज झाडून-सारवून ही अवस्था. इतकी वर्षं आपण यातलं सगळ्यांना वाढलं, या विचारानं तिला आधी लाज वाटली, आणि मग लाजेपेक्षा मोठा राग आला.

आबा परतले, भगदाड पाहिलं. माती कालवली आणि दिवस मावळायच्या आत विटा रचून ते बुजवून टाकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मंजुळाबाई पीठ, परात, तवा घेऊन बाहेर पडली. त्याच भिंतीला लागून, भर गल्लीत, चुडामणच्या ओट्यासमोर तिनं तीन दगड मांडले, जाळ केला आणि भाकरी थापायला बसली. ओट्यावरची माणसं खोकली, हसली. तिनं पदर डोक्यावरून ढळू दिला नाही आणि मानही खाली घातली नाही. थोड्या वेळानं कुंदा बाहेर आली आणि मुकाट्यानं तिच्याशेजारी बसून वांगी चिरू लागली.

आबा आले. "घरमा चाल."

"घरमा उजेड करा आबा, मंग येस."

त्या दिवशी आबा जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी जेवले, पण भिंतीकडं तोंड करून. बायांची चूल गल्लीतच राहिली.

शेवटी न राहवून चुडामण ओट्यावरून उतरला आणि किती वर्षांनी आबांशी बोलला. "अभिमन, सुनासले आवर. गावमा आपलं नाव जास."

आबांचा चेहरा तांबडा झाला. "मन्ह्या सुना शेतस. मन्ही भीत शे. तुले कोनी इचारं?" आत जाऊन त्यांनी पहार आणली आणि आपण बुजवलेली भिंत आपल्याच हातानं फोडली, मंजुळाबाईनं पाडली होती त्यापेक्षा दुप्पट मोठी. चुडामण बघत राहिला.

हे आपल्यासाठी झालेलं नाही, हे मंजुळाबाईला चांगलं ठाऊक होतं. तिला त्याचं काही वाटलं नाही. उजेड आत आला होता, बस्स. त्याच आठवड्यात सुकदेवनं बापाला न विचारता लोखंडी गज आणून खिडकीला बसवले. बायकोकडं बघून तो ओशाळं हसला.

पुढं चुडामणनं एक खोडी केलीच. कपाशीच्या वाळलेल्या पऱ्हाट्यांची मोठी गंजी त्यानं बरोबर खिडकीसमोर रचली. आत पुन्हा काळोख. मंजुळाबाई भांडायला गेली नाही. गजांतून हात घालून ती रोज मूठ-मूठ पऱ्हाटी आत ओढायची आणि चुलीत घालायची. उन्हाळा लागेतो गंजी खिडकीच्या खाली आली. तक्रार करायची तर खिडकी बुजवायला गंजी रचली होती, हे चुडामणला चारचौघांत कबूल करावं लागलं असतं.

पुढच्या काही वर्षांत त्या गल्लीतल्या आणखी घरांच्या चुलीकडच्या भिंती फुटल्या. सगळ्या भांडून फुटल्या असं नाही, पण बायका पहार मागायला मंजुळाबाईकडं येत. आबांनी तिला शाबासकी कधी दिली नाही आणि तिनं ती मागितलीही नाही.

१९९५ साली सुकदेवनं पक्क्या विटांचं घर बांधायला काढलं. भिंती डोक्याएवढ्या उठल्या होत्या आणि मगन मिस्तरी दोरी लावून उभा होता. खाटेवर बसलेल्या आबांनी हात वर केला, "पूर्वले भीत बंद ठेव, तिकडे वारा..."

मंजुळाबाईनं कोळसा उचलला आणि चुलीच्या खोलीच्या पूर्वेकडच्या, अजून गिलावा न झालेल्या भिंतीवर खिडकीचा मोठा चौकोन काढला. मगन आबांकडं बघू लागला.

"तिकडे काय दखस?" ती म्हणाली. "सयपाक मी करस. फोड आठे."