माहूरचा तांबूल

बोंडअळीने कापूस खाल्ला त्या वर्षी माझं आणि माहूरगडच्या रेणुकामायचं बोलणं बंद होतं. म्हणजे मीच बंद केलं होतं. पीक सगळ्यांचंच गेलं, पण बाकीच्या बायका रडून-भांडून मोकळ्या झाल्या. मी मात्र आतून विझत गेले. झोप नाही, घास गिळवत नाही, लेकरं बिलगली तरी माया दाटून येत नाही. एक दिवस वाटलं, आपण नसलो तर यांचं बरंच होईल. मग तो विचार रोज यायला लागला. कोणाला सांगणार?

सासूबाईंनी बाहेरची बाधा म्हणून लिंबू उतरवलं. त्यांचा जीव होता माझ्यावर, राग कसला धरू! ह्यांनी उमरखेडला डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी विचारलं, उदास वाटतं का? शेजारी नवरा, मागे सासू. मी म्हटलं, "नाही जी, बरी आहो." सून दुसरं काय म्हणणार? गोळ्या मिळाल्या, त्या फडताळात ठेवल्या. वेडाच्या गोळ्या खाते ही बातमी फुलसावंगीच्या बाजारापर्यंत पोचली असती.

उरलासुरला कापूस वेचायच्या दिवसांत एका सकाळी मी देव्हाऱ्यासमोर उभी राहून भांडलेच. म्हटलं, माय, गड चढायची ताकद उरली नाही. तुले माझी गरज असेल तर तूच ये.

त्याच दिवशी वावरात एक अनोळखी बाई आली. मनाच्या दुखण्याविषयी बोलायला आरोग्य केंद्रातून आलेली. आधी ती ग्रामपंचायतीत खुर्ची मांडून बसली होती, पण तिच्यासमोर बसलेली बाई साऱ्या गावाला दिसते, मग कोण जाणार! म्हणून तिनं कमरेला फडकं बांधलं आणि माझ्या शेजारच्या ओळीला लागली. तिचा हात इतका हळू चालायचा की मला हसू आलं. कित्येक दिवसांनी.

वेचताना आम्ही बायका एकमेकींकडे पाहत नाही. नजर बोंडावर, हात चालू, आणि घरात जे कधी निघत नाही ते तोंडातून निघतं. तिनं उदास वाटतं का असं विचारलंच नाही. म्हणाली, "काहून वं बाई, जीव घाबरते का तुहा?"

मी सगळं सांगितलं. मरणाचा विचारसुद्धा. ती दचकली नाही. वेचणं थांबवून माझ्याकडे वळली. "सांगतलं ते लय बरं केलं. आता हे एकटीनं वागवायचं नाही." मग पिशवीतून पुडी काढून तिनं कुटलेला विडा माझ्या तळहातावर ठेवला. "काल माहूरले गेलती. घे, मायच्या परसादाचा तांबूल आहे."

मी तो कपाळाला लावून तोंडात टाकला. सकाळचं भांडण मी कोणालाच सांगितलं नव्हतं. योगायोग म्हणणाऱ्यानं खुशाल म्हणावा.

संध्याकाळी माझ्या परवानगीनं ती घरी आली. सासूबाईंच्या लिंबाबद्दल एक वाकडा शब्द बोलली नाही. अंगारा तुम्हीच लावा, अन् गोळीही तुमच्याच हातानं द्या, एवढंच म्हणाली. तेव्हापासून जेवण झालं की सासूबाई फडताळातून देवीसमोर आणून ठेवलेली गोळी उचलायच्या, माझ्या कपाळाला अंगारा लावायच्या आणि मी गिळेपर्यंत हलायच्या नाहीत. माझ्या मनातलं तिच्याकडून कळल्यावर ह्यांनी फवारणीचं विषारी औषध भावाकडे नेऊन ठेवलं. उमरखेडला मी पुन्हा गेले. या वेळी ह्यांना बाहेर बसवलं आणि स्वतःच्या तोंडानं सांगितलं. बरं व्हायला महिने लागले, पण मी हटले नाही.

देवीवर भार टाकणं म्हणजे तोंड मिटून सोसणं, असं मला वाटायचं. तसं नाही. तिनं माणूस पाठवला तर त्याच्याजवळ बोलावंही लागतं. आता वेचणीला एखादी गप्प गप्प दिसली की मी माझी ओळ सोडते, तिच्या शेजारच्या ओळीला लागते. विचारते, "काहून वं बाई, जीव घाबरते का तुहा?" आणि बोंडांकडे बघत वाट पाहते.