फ्रिज बंद, म्हातारा चालू

नर्सची नोकरी सुटून बरीच वर्षं झाली, तरी तिला सगळे सिस्टरच म्हणत. नवरा ट्रक ड्रायव्हर, जन्म रस्त्यावर काढलेला. फुप्फुसांनी दगा दिला आणि तो खिडकीजवळच्या पलंगाला खिळला, नाकात ऑक्सिजनची नळी. एकदा तळ्यावर जायचंय, एवढंच त्याचं मागणं. मुलाने साफ नकार दिला, डॉक्टरही कुरकुरले. सिस्टरने दोघांचं ऐकून घेतलं आणि साठी उलटल्यावर गाडीमागे राहायचा ट्रेलर ओढायला शिकली. रिव्हर्स घेताना शेजाऱ्यांचं कुंपण आडवं केलं, स्वतःच्या हाताने उभं करून दिलं आणि पुन्हा रिव्हर्स घेतला.

तळ्याकाठी ना नळ, ना विजेचा खांब. छतावर सोलर पॅनल, बाकाखाली बॅटऱ्या आणि पाण्याची एक टाकी. कामं वाटून घेतली: पाणी तिचं, वीज त्याची. ती भांडी आधी कागदाने पुसायची, मग तांब्याभर पाण्यात विसळायची. अंघोळ म्हणजे ओल्या टॉवेलने अंग पुसणं. तो बॅटरीच्या मीटरसमोर खुर्ची टाकून बसायचा आणि तिने उगाच दिवा लावला, की क्लीनरवर खेकसावं तसा खेकसायचा. तिला बरं वाटायचं. घरी तो कुणावर खेकसतही नसे.

मग आभाळ भरून आलं ते हटेचना. बॅटऱ्या उतरत चालल्या. ऑक्सिजनचा राखीव सिलिंडर होता, पण तो अगदीच अडलं तर. ऑक्सिजनचं मशीन चालायलाच हवं होतं. त्याने फर्मान काढलं: पाण्याचा पंप बंद, दिवे बंद आणि शेवटी फ्रिजही.

"फ्रिज बंद, म्हातारा चालू," असं म्हणून तो हसला आणि हसता हसता खोकत सुटला. दूध नासलं. सिस्टरने ते ओतून दिलं आणि दोघांनी कोरा चहा घेतला.

फोनवर हे कळलं आणि मुलगा गाडी घेऊन थडकला. हा पोरखेळ पुरे झाला, म्हणाला, बाबांना आत्ताच्या आत्ता नेतो. सिस्टरने त्याला बोलून घेऊ दिलं. उत्तर नवऱ्याने दिलं.

"घरी तुम्ही माझ्या चपलासुद्धा माळ्यावर टाकल्यात. मी येत नाही."

मुलाने आईकडे पाहिलं.

"माझ्याकडे काय बघतोस? ते कॅन घे, पाणी भरून आण," ती म्हणाली. "मग गाडी जवळ लाव. तुझ्या इंजिनवर बॅटऱ्या चार्ज करू."

 तो कॅन उचलून निघाला.

ऊन पडलं, मुक्काम पुरा झाला. पुढे आणखी दोनदा ती दोघं बाहेर पडली. शेवटच्या खेपेला पहाटे ट्रेलरमध्येच, मशीन नीट चालू असताना, तो झोपेत गेला. आता तरी हे विकून टाक, असं नातलगांनी तिला परोपरीने सांगितलं. सिस्टरने नव्या बॅटऱ्या बसवून घेतल्या. ती एकटी निघाली त्या दिवशी मुलाने न सांगताच मागचा हुक तपासला आणि परत कधी येणार, एवढं विचारलं. अजून ठरवलं नाही, म्हणत तिने टाकीत पाइप सोडला.